धुराचा हिशेब कारखानदाराच्या सहीने

पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि पीयूसीचा कागद घ्यायचा, धुराची तपासणी म्हणजे एवढेच अशी सर्वसाधारण समजूत आहे. गॅरेज, स्पेअर पार्ट, रेडिएटर, बॅटरी अशा धंद्यांत असलेल्या आमच्या अनेक वाचकांचा या कागदाशी नेहमी संबंध येतो. परंतु गाडी विक्रीला येण्याअगोदरच तिच्या धुराविषयी सरकार कारखानदाराकडून कोणती माहिती लिहून घेते, याची चर्चा फारशी होत नाही. ही माहिती घेण्याची पद्धत अत्यंत तपशिलाने बसवली गेली ती अमेरिकेत. तिचा एक धागा थेट लहान गॅरेजवाल्याच्या पोटापाण्यापर्यंत येत असल्याने ती येथे समजावून देत आहोत.

अमेरिकेत १९७० साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि त्याच वर्षी ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था स्थापन झाली. नियम असा की, मॉडेलच्या प्रत्येक वर्षासाठी कारखानदाराने या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचे. प्रमाणपत्र नाही तर विक्री नाही. आता कोणालाही वाटेल की सरकारी माणसे प्रत्येक मॉडेल स्वतः तपासत असतील. तसे नाही. बहुतेक तपासण्या कारखानदार स्वतःच करतो आणि आकडे सरकारला देतो. मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे ईपीएची प्रयोगशाळा आहे. तेथे काही निवडक गाड्या पुन्हा तपासल्या जातात. म्हणजे सगळा डोलारा उभा आहे तो कारखानदाराने दिलेल्या माहितीवर.

म्हणूनच ही माहिती मोघम चालत नाही. सारख्या इंजिनांच्या गाड्यांचा एक गट करायचा आणि त्यातली सर्वांत जास्त धूर करील अशी गाडी तपासणीला निवडायची. ती ठराविक तास बंद उभी ठेवून थंड इंजिनावर चालू करायची आणि रोलरवर सुमारे ११ मैल चालवायची. वेग केव्हा वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे सेकंदासेकंदाला ठरलेले. धूर पिशव्यांत गोळा करून मोजायचा. शिवाय नवी गाडी उत्तम चालते हे कोणीही दाखवील. ती १ लाख २० हजार मैल किंवा त्याहून अधिक चालल्यावर धूर किती वाढेल, याचाही आकडा कारखानदारालाच द्यावा लागतो. धुराचे आकडे व्यापारी गुपित म्हणून झाकता येत नाहीत. विक्रीचे अंदाज, इंजिनाच्या अंतर्गत रचनेचे बारकावे यांसाठी मात्र गुप्ततेची मागणी करता येते. आम्हांस ही विभागणी रास्त वाटते.

येथे एक गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांना नवलाची वाटेल. माहिती मागणाऱ्या सरकारलाही तेथे हिशेब द्यावा लागतो. १९८० च्या कागदपत्र कपातीच्या कायद्यानुसार कोणत्याही खात्याला दहा किंवा अधिक लोकांकडून ठराविक नमुन्यात माहिती मागायची असेल, तर तिला वरून मंजुरी घ्यावी लागते. ही माहिती कशासाठी, ती भरायला किती तास जातील आणि किती खर्च येईल, हे सरकारी राजपत्रात छापून ६० दिवस लोकांच्या सूचना घ्याव्या लागतात. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. पुढे पुन्हा तोच खटाटोप. निरनिराळ्या कार्यालयांत तेच ते फॉर्म भरून कंटाळलेल्या आपल्या दुकानदाराला असा कायदा किती गोड वाटेल, हे सांगायला नको!

मूळ विषयाकडे वळू. कारखानदाराला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये धूर रोखणाऱ्या यंत्रणेचे काम कमी करणारे किंवा बदलणारे कोणते सेटिंग घातले आहे? ते केव्हा चालू होते? कशासाठी घातले? हे सर्व लिहून द्यावे लागते. इंजिन जळू नये म्हणून काही सेटिंग आवश्यक असते हे प्रत्येक मिस्त्री जाणतो. परंतु ते लपवता येत नाही.

हा प्रश्न का विचारावा लागतो, याची उदाहरणे बोलकी आहेत. जनरल मोटर्सच्या १९९१ ते १९९५ या वर्षांतील सुमारे ४ लाख ७० हजार कॅडिलॅक गाड्या एअर कंडिशनर लावल्यावर बंद पडू नयेत म्हणून कंपनीने कॉम्प्युटरमध्ये बदल केला. एअर कंडिशनर चालू होताच इंजिनाला पेट्रोल जास्त मिळे आणि कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर जाई. त्या वेळच्या सरकारी तपासणीत एअर कंडिशनर बंद असे, त्यामुळे कागदावर सर्व ठीक! १९९५ साली हे प्रकरण सुमारे साडेचार कोटी डॉलरवर मिटले. त्यात १ कोटी १० लाख डॉलर दंड होता. १९९८ साली ट्रकची डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांवर असाच आरोप आला. इंजिन हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने चालू लागले की कॉम्प्युटर इंधन वाचवणारे सेटिंग धरतो आणि नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात, असा तो आरोप. त्यांची तडजोड एकूण १०० कोटी डॉलरच्या घरात गेली.

फोक्सवॅगनचे प्रकरण तर जगभर गाजले. स्टिअरिंग फिरते आहे की नाही, वेग कसा बदलतो, यावरून गाडी स्वतःच ओळखत असे की आपण तपासणीच्या रोलरवर आहोत. तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील मंडळींनी गाडीच्या मागे मोजणीयंत्र बसवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, तेव्हा एका गाडीत नायट्रोजनचे वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले. हा अहवाल २०१४ साली आला. पुढे सरकारने २०१६ च्या मॉडेलची प्रमाणपत्रे अडवून धरली, तेव्हा कुठे सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने कबुली दिली. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. खोटी माहिती पकडली गेली ती दुसऱ्या, स्वतंत्र मोजणीमुळे, हे ध्यानात घ्यावे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना खऱ्या रस्त्यावरील धुराच्या मर्यादाही पाळाव्या लागतात.

गाडी विकली म्हणजे कारखानदार सुटला, असेही अमेरिकेत नाही. ग्राहकांच्या वापरातल्या गाड्या घेऊन त्यांचा धूर तपासून आकडे सरकारला द्यावे लागतात. धुराशी संबंधित एकच दोष २५ गाड्यांत आढळला, की सरकारला लेखी कळवणे भाग आहे.

आता गॅरेजवाल्याचा प्रश्न. १९९० साली त्याच अमेरिकन कायद्यात दुरुस्ती झाली. गाडीतच दोष ओळखणारा कॉम्प्युटर बसवणे सक्तीचे झाले आणि १९९६ च्या मॉडेलपासून सर्व कंपन्यांच्या मोटारींना १६ पिनांचा एकच सॉकेट आला. त्याच दुरुस्तीने असेही घातले की, धुराशी संबंधित दुरुस्तीची जी माहिती कंपनी आपल्या डीलरला देते, तीच गाडी दुरुस्त करणाऱ्या कोणालाही मिळाली पाहिजे. त्याचे तपशीलवार नियम १९९५ मध्ये आले. २००३ च्या नियमांनी ही माहिती इंटरनेटवर ठेवण्यास भाग पाडले. वाजवी शुल्क भरून लहान गॅरेजवालाही ती घेऊ शकतो. कारण उघड आहे. चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोडचा अर्थच मिस्त्रीला कळला नाही, तर ग्राहक दिवा तसाच ठेवून गाडी चालवणार किंवा डीलर सांगेल ती रक्कम मोजणार.

भारतात हा प्रश्न हवेच्या कायद्यातून नव्हे, तर व्यापारातील स्पर्धेच्या कायद्यातून पुढे आला. स्वतंत्र गॅरेजला स्पेअर पार्ट, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ही माहिती व सुटे भाग खुले करण्याचा आदेश दिला. कंपन्या त्याविरुद्ध वरच्या न्यायालयांत गेल्या. ज्या गॅरेजवाल्या बांधवांना स्कॅनरचा कोड दिसतो पण पुढची माहिती कंपनीकडून मिळत नाही, त्यांनी कंपनीकडे मागणी तोंडी न करता लेखी करावी, गाडीचे मॉडेल व कोड लिहावा आणि पोहोच जपून ठेवावी.