सोंग निराळे, माणूस निराळा

गावच्या जत्रेत सोंगे येतात. कोणी रावण होतो, कोणी शूर्पणखा होते. आपण रात्रभर बसून पाहतो. रावण झालेला गडी सकाळी उठून शेतावर जातो. त्याला कोणी रावण म्हणत नाही, कारण तो आपल्या ओळखीचा असतो. पण सिनेमात एखादी बाई दुष्टपणा करताना दिसली, की आपण लगेच म्हणतो, "ही बया खरीच अशी असणार!"

अशीच एक नटी आपल्या सोलापूरची होती. तिचे नाव शशिकला. माहेरचे आडनाव जवळकर.

शशिकलाबाईंचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात झाला. वडील मोठे व्यापारी होते. घरात कशाला कमी नव्हते. पोरीला नाचगाण्याची भारी हौस. पाच वर्षांची असल्यापासून ती सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावी रंगमंचावर नाचू-गाऊ लागली. लोक कौतुक करीत.

पण दिवस सारखे राहत नाहीत. वडिलांनी धाकट्या भावाला शिक्षणासाठी विलायतेला पाठवले होते. त्याच्या शिक्षणावर पैसा खर्च झाला. पुढे व्यापार बुडाला. घराची पार रया गेली. आता करायचं काय? पोरगी दिसायला चांगली, नाचगाणे येते, तर सिनेमात काम मिळेल, असे घरच्यांना वाटले. सारे कुटुंब मुंबईला गेले.

मुंबईत कोण कोणाला विचारतो? जिथे सिनेमा तयार करतात त्या जागेला स्टुडिओ म्हणतात. शशिकला एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत काम मागत फिरली. शेवटी नूरजहाँ या नामांकित गायिका-नटीची तिची भेट झाली. नूरजहाँचे पती तेव्हा 'झीनत' नावाचा चित्रपट काढीत होते. त्यात बायकांची एक कव्वाली होती. त्या कव्वालीत शशिकलेला बसायला मिळाले. हा चित्रपट १९४५ साली आला. तेव्हा तिचे वय अवघे बारा-तेरा वर्षांचे होते.

एवढ्याने दैन्य फिटले नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेली. आधार तुटला. मग मिळेल ते लहानमोठे काम करीत शशिकलाबाई टिकून राहिल्या. १९५३ साली व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' या चित्रपटात त्यांना काम मिळाले. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली एक अनाथ मुलगी ब्राह्मणाच्या घरी वाढते, अशी ती गोष्ट आहे. त्या घरची सख्खी लेक शशिकलाबाईंनी केली. ही लेक भल्या मनाची आहे.

पण त्यांचे नाव गाजले ते वाईट बाईच्या कामाने. १९६२ सालच्या 'आरती' चित्रपटात त्या घरात कळी लावणारी जाऊ झाल्या. १९६३ सालच्या 'गुमराह'मध्ये त्या एका विवाहित बाईला तिचे गुपित फोडण्याची धमकी देऊन छळतात. या दोन्ही कामांबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पाहणाऱ्यांना चीड आली, म्हणजेच काम चोख झाले!

आता पुढचे नीट वाचा. पडद्यावर दुसऱ्यांचे घर मोडणारी ही बाई पुढे कोलकात्याला गेली. तिथे मदर तेरेसा यांच्या संस्थेत काही वर्षे राहून तिने आजारी व निराधार माणसांची सेवा केली. नाव होते, पैसा होता, तरी हे काम तिला कमीपणाचे वाटले नाही.

नंतर त्या पुन्हा चित्रपटांत आल्या. आई, आजी, सासू अशी कामे केली. टीव्हीवरही दिसल्या. २००७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.

मंडळी, सोंग हे नटाचे काम आहे. कुंभार मडके घडवतो, तसे नट सोंग घडवतो. मडके पाहून कुंभाराचा हात कळतो, स्वभाव कळत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. नुसत्या दिसण्यावरून माणसाला बरावाईट ठरवू नये. मग तो माणूस पडद्यावरचा असो, की आपल्या शेजारचा.

प्रश्न
१. शशिकलाबाईंचे कुटुंब सोलापूर सोडून मुंबईला का गेले?
२. 'आरती' चित्रपटात त्यांनी कसले काम केले?
३. कोलकात्याला जाऊन त्यांनी काय केले?
४. केवळ दिसण्यावरून तुमच्या गावात कोणाला नावे ठेवली जातात का? आपसांत बोला.