रोगांच्या वाटा

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. मुंबईत मांडवी बंदराच्या परिसरात धान्याच्या मोठमोठ्या वखारी होत्या. तेथे पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असत आणि हमालांची वर्दळ दिवसभर चाले. याच दाट वस्तीत एका भयंकर तापाने माणसे आजारी पडू लागली. एकाएकी हुडहुडी भरून ताप चढे, काखेत किंवा जांघेत गाठ येई, रोगी बरळू लागे आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत त्याची प्राणज्योत मालवे. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा प्लेग आहे, असे निदान केले.

ही वार्ता पसरताच शहरात हाहाकार उडाला. कोणी म्हणे, हवा बिघडली. कोणी म्हणे, दैवी कोप झाला. मिळेल त्या आगगाडीने आणि गलबताने लोक गावाकडे पळू लागले. सरकारने गटारे धुतली, घरांना चुना फासला, रोग्यांचे कपडे व अंथरुणे जाळली. घरे झडतीने तपासून रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्यात येऊ लागले. या सक्तीने लोकांच्या मनांत संताप मात्र साठला. रोग हटला नाही. लवकरच तो पुण्यातही येऊन पोहोचला.

पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. ज्या रोग्यांना आप्तही शिवावयास धजत नव्हते, त्यांना सावित्रीबाई तेथे आणीत आणि त्यांची शुश्रूषा करीत. त्यांचे वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेले होते. शुश्रूषा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

त्या काळी प्लेगचा जंतू अज्ञात राहिला नव्हता. अलेक्झांडर येरसँ या शास्त्रज्ञाने सन १८९४ मध्ये हाँगकाँग येथे तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. शत्रू कोण, हे कळले होते. परंतु तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे मात्र उमगले नव्हते. म्हणूनच माणसे भिंती धूत राहिली आणि शत्रू दुसऱ्याच दाराने आत येत राहिला.

ही वाट शोधून काढली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. एखाद्या घरात उंदीर मरून पडू लागले की मागाहून त्या घरातील माणसे आजारी पडतात, हे त्याने हेरले. काही रोग्यांच्या अंगावर त्याला पिसू चावल्यासारखे बारीक फोडही दिसले. सन १८९८ मध्ये कराची येथे त्याने एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत त्याने प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर अधांतरी टांगला. दोन्ही उंदरांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवा मात्र उडी मारून जाळीतून आत जाऊ शकत होत्या. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी वरच्या उंदरासही प्लेग झाला. आरंभी या शोधावर अनेकांचा विश्वास बसला नाही. परंतु पुढे मुंबईत परळ येथे झालेल्या प्रयोगांनी तो खरा ठरविला.

पिसू हे काम कसे करते, तेही नंतर कळून आले. आजारी उंदराच्या रक्ताबरोबर प्लेगचे जंतू तिच्या पोटात जातात, तेथे वाढतात आणि पुष्कळदा तिच्या अन्नमार्गात बोळ्यासारखे अडकून बसतात. मग प्यालेले रक्त तिच्या पोटात उतरत नाही. भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जंतूंनी दूषित झालेले रक्त जखमेत परत ओकते. उंदीर मेला की ती दुसरा आसरा शोधते. उंदीर नसेल तर माणूस. प्लेग फुप्फुसांत शिरला, तर खोकल्याच्या तुषारांतूनही तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. सिमाँच्या प्रयोगानंतर उंदरांचा व पिसवांचा बंदोबस्त हा प्लेगवरील उपाय ठरला. आज योग्य वेळी प्रतिजैविके दिल्यास प्लेगचा रोगी बराही होतो.

प्लेगची ही कथा सर्वच सांसर्गिक रोगांस लागू पडते. हवेत, पाण्यात, मातीत आणि माणसाच्या शरीरावरही असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, तर काही उपकारकही असतात. दुधाचे दही होते, ते सूक्ष्मजीवांमुळेच. रोग निर्माण करणारे सूक्ष्मजीव त्या मानाने थोडे. त्यांचे मुख्य प्रकार चार आहेत: जिवाणू, विषाणू, आदिजीव आणि कवके.

प्लेगचा जंतू हा जिवाणू होय. जिवाणू इतके लहान असतात की, एक हजार जिवाणू एकापुढे एक मांडले, तरी ती रांग सामान्यतः काही मिलिमीटरच भरेल. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंचे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतील! पटकीचा जंतूही जिवाणूच. परंतु त्याची वाट निराळी. सन १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात तो सापडला. त्या तळ्याचे पाणी लोक धुण्यासाठी व पिण्यासाठीही वापरीत. रोग्याच्या मलातून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यातून निरोगी माणसाच्या पोटात जातो. आतड्यात तो एक विष निर्माण करतो, त्यायोगे शरीरातील पाणी व क्षार जुलाबांवाटे भराभर निघून जातात. म्हणून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, हाच रोग्यास वाचविण्याचा मुख्य उपाय. सन १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी उद्भवली, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबिस यांनी बनगाव येथे मीठ, साखर व पाणी यांचे योग्य प्रमाणात केलेले मिश्रण रोग्यांना पाजविले आणि असंख्य जीव वाचविले.

विषाणू हे जिवाणूंहूनही कितीतरी लहान असतात. ते स्वतःच्या बळावर वाढू शकत नाहीत. जिवंत पेशीत शिरून ते तिलाच आपल्या प्रती तयार करण्यास जुंपतात. देवी, गोवर, पोलिओ आणि इन्फ्लुएंझा हे विषाणूंचे रोग होत. देवीचा विषाणू मुख्यतः रोग्याच्या श्वासातील व खोकल्यातील तुषारांवाटे पसरे. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. परंतु त्यांतील कित्येकांची वाट लसीने आधीच अडविता येते. एडवर्ड जेन्नर यांनी सन १७९६ मध्ये देवीच्या लसीचा प्रयोग केला. सन १८०२ मध्ये मुंबईत एका लहान मुलीला ती लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली लस होय. पुढे जगभर नेटाने लस टोचली गेली आणि सन १९८० मध्ये देवीचे समूळ उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

हिवतापास कारण होणारा आदिजीव हा एकपेशीय प्राण्यासारखा असतो. त्याची वाट रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे गवसली. हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना या आदिजीवाच्या वाढीची खूण दिसली. अॅनॉफिलिस जातीची मादी डास चावली की हे आदिजीव माणसाच्या यकृतात जातात आणि तेथून रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात. असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्या की रोग्याला हुडहुडी भरते व ताप चढतो. डासांची अंडी साचलेल्या पाण्यात वाढतात. म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एक दिवस कोरडी करणे, हे साधे वाटणारे कामही रोगाची वाट तोडते.

कवके म्हणजे बुरशीच्या जातीचे जीव. गजकर्ण हा त्यांच्यामुळे होणारा रोग. घामाने ओलसर राहिलेल्या त्वचेवर ती वाढतात आणि स्पर्शाने किंवा दुसऱ्याचा पंचा, कपडे वापरल्याने पसरतात. अंग कोरडे ठेवणे आणि आपला पंचा वेगळा ठेवणे, यानेच त्यांना पुष्कळसा पायबंद बसतो.

पाणी, हवा, कीटक आणि स्पर्श या रोगांच्या मोठ्या वाटा आहेत. पटकीच्या साथीत डास मारून भागत नाही आणि हिवतापाच्या साथीत केवळ पाणी उकळून प्याल्याने संरक्षण होत नाही. प्रत्येक रोगाची वाट ओळखून तेथेच त्याला अडवावे लागते. वाट ठाऊक नसली की भीती वाढते, आणि भ्यालेला माणूस रोगाला सोडून रोग्यालाच शत्रू समजू लागतो. मांडवीत आणि पुण्यात तसेच घडले.

त्या भीतीच्या दिवसांत सावित्रीबाई रोग्यांजवळ गेल्या. प्लेगची वाट त्यांना ठाऊक नव्हती. त्या वेळी ती कोणालाच नीट ठाऊक नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वा वर्षाने कराचीतील त्या बरणीने ती दाखवून दिली. आज रोग्याची सेवा करणारी परिचारिका मुखपट्टी बांधते, हात धुते, लस घेते आणि निर्भयपणे त्याच्या उशाशी उभी राहते. सावित्रीबाईंच्या अंगी असलेली करुणा तिच्याही अंगी आहे. त्या करुणेचे रक्षण करणारे ज्ञान मात्र तिला लाभले आहे.

स्वाध्याय

१. प्लेगचा जंतू सापडल्यानंतरही मुंबईतील साथ का आटोक्यात आली नाही?
२. सिमाँ याने निरोगी उंदीर अधांतरी का टांगला? या प्रयोगावरून काय सिद्ध झाले?
३. पटकी, देवी, हिवताप व गजकर्ण हे रोग कोणत्या प्रकारच्या सूक्ष्मजीवांमुळे होतात व कोणत्या वाटेने पसरतात, ते लिहा.
४. ‘भ्यालेला माणूस रोगाला सोडून रोग्यालाच शत्रू समजू लागतो,’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या घराभोवती रोगांच्या कोणत्या वाटा दिसतात व त्या कशा बंद करता येतील, यावर दहा ओळी लिहा.