जुन्या मालमोटारीच्या विद्युत जोडण्या : दोषशोध आणि बदल

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील शेतमाल बाजारपेठेपर्यंत आणि खते व सिमेंट खेड्यापर्यंत पोहोचविण्याचे काम ज्या मालमोटारींनी केले, त्यांपैकी काही आजही पाहावयास मिळतात. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीने बांधलेल्या डॉज व फार्गो, जमशेदपूर येथे १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने तयार झालेल्या टाटा-मर्सिडीज-बेंझ आणि मद्रासच्या अशोक लेलँडच्या कॉमेट ही त्यांतील सुपरिचित नावे होत. काही गाड्या हौशी मालकांनी जतन केल्या आहेत, तर काही तंत्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत उभ्या आहेत.

केंद्र शासनाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून शासकीय विभाग, नगरपालिका, पंचायती व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे या संस्थांच्या दृष्टीने अशा मालमोटारीचे स्थान आता रस्त्यावर नसून कार्यशाळेत आहे. तेथे मात्र ती उत्तम शिक्षिका ठरू शकते. तिची विद्युतरचना साधी व उघडी असते. तार कोठून निघते आणि कोठे पोहोचते हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येते. शिवाय तिच्यावर शिकलेला पाठ पंचायतीच्या पाण्याच्या टँकरला आणि कचरागाडीलाही लागू पडतो.

जुन्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, रंगही नवा दिला जातो. तारांच्या जोडण्यांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. दिवा मंद झाला की बल्ब बदलावा आणि फ्यूज उडाला की जाड तार घालावी, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत धोक्याची आहे. रात्री घाटात दिवे अचानक जाणे किंवा केबिनमध्ये आग लागणे, यांचे मूळ पुष्कळदा एखाद्या लहानशा गंजलेल्या टर्मिनलमध्ये असते.

जोडणी का बिघडते?

मालमोटारीत तारा सामान्यतः तीन प्रकारच्या टर्मिनलांनी जोडलेल्या असतात : गोळीच्या आकाराची, चपट्या पातीची आणि बोल्टखाली बसणारी कडीची, जिला कारागीर थिंबल म्हणतात. पितळी किंवा कथील चढविलेले हे भाग एकमेकांना घट्ट चिकटून असतात तोपर्यंत प्रवाहास अडथळा होत नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी पकड सैल होते, पावसाळ्यातील दमटपणा आत शिरतो आणि तांब्यावर काळा वा हिरवट थर चढतो. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. थर चढला की रोध वाढतो, रोधामुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेने टर्मिनलची लवचीकता जाते आणि पकड आणखी सैल होते. अशा रीतीने दोष स्वतःच स्वतःला वाढवीत जातो.

फ्यूज का उडत नाही?

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. १२ व्होल्टच्या गाडीत पुढील दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे आहेत असे समजू. दोहोंना मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. दिव्यांकडे जाणाऱ्या सामाईक तारेतील एका जोडणीत केवळ ०.१५ ओम रोध निर्माण झाला, तर तेथेच सुमारे १.३ व्होल्ट दाब खर्ची पडतो. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटत असल्यामुळे दिव्यांचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड नाहीसा होतो. त्याच वेळी बोटाच्या पेराएवढ्या त्या टर्मिनलमध्ये सुमारे ११ वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते. तारेवरील आवरण मऊ होऊन वितळण्यास आणि शेजारच्या तारांनाही इजा होण्यास ती पुरेशी असते.

फ्यूज हे सारे पाहत असतो, पण काही करू शकत नाही. कारण वाढलेल्या रोधामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. फ्यूजचे काम अतिरिक्त प्रवाहापासून तारेचे रक्षण करणे एवढेच आहे. मूळ क्षमतेहून मोठा फ्यूज किंवा त्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे रोग तसाच ठेवून उरलेले संरक्षणही काढून टाकणे होय. मग आवरण वितळून तार सांगाड्याला टेकली, तर तो प्रवाह तोडणारे कोणीच उरत नाही.

दोष कसा शोधावा?

केवळ टेस्ट लॅम्प लावून जोडणीची परीक्षा होत नाही. त्या लहान दिव्याला लागणारा प्रवाह इतका अल्प असतो की, तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पेटतो. म्हणून परीक्षा भार चालू असताना करावी. पुढील दिवे लावावेत, मल्टिमीटर एकदिश व्होल्टवर ठेवावा आणि त्याचे एक टोक जोडणीच्या अलीकडे व दुसरे पलीकडे धरावे. निर्दोष जोडणीत काट्याची जेमतेम हालचाल होते. एकाच जोडणीत ०.१ व्होल्टपेक्षा अधिक घट दिसल्यास ती संशयास्पद मानावी. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून परत सांगाड्यामार्गे बॅटरीपर्यंत, अशा दोन्ही वाटा तपासाव्यात. परतीची वाट बहुधा विसरली जाते. रंग उडालेले किंवा करपलेले आवरण आणि जळकट वास ही दोषाची बाह्य चिन्हे होत.

बदलण्याची पद्धत

१. गाडी हवेशीर जागी उभी करावी व जवळ कोरड्या भुकटीचे अग्निशामक ठेवावे. हातातील अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. बॅटरीतून निघणारा वायू ज्वालाग्राही असल्याने विडी-सिगारेट पूर्णतः वर्ज्य.

२. गाडी ६, १२ की २४ व्होल्टची आणि सांगाड्याला बॅटरीचे कोणते टोक जोडले आहे, हे प्रथम पाहावे. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या अनेक वाहनांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. टोक कोणतेही असो, सांगाड्याला जोडलेले आधी सोडवावे व शेवटी जोडावे. म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही.

३. तारांचा आराखडा काढावा व प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. एका वेळी एकच जोडणी सोडवावी. सर्व तारा एकदम कापणाऱ्याचे पुढील चार दिवस त्या ओळखण्यातच जातात.

४. जुने टर्मिनल कापून आवरण थोडे सोलावे. आतील तांबे लखलखीत दिसेपर्यंत तार मागे कापीत जावे. काळेपणा आतपर्यंत गेला असेल किंवा आवरण वाकविताच तडकत असेल, तर ती संपूर्ण तार बदलावी. नवी तार बहुधागी, वाहनांसाठी बनविलेली आणि मूळ तारेहून कमी जाडीची नसावी. घरगुती वायरिंगची एकेरी तार हादऱ्यांनी तुटते.

५. तारेच्या व पातीच्या मापाचे नवे टर्मिनल घ्यावे. गंजलेले टर्मिनल कानसून पुन्हा वापरू नये. कानशीने वरचा कथिलाचा थर जातो आणि गंज लवकर परततो. टर्मिनल योग्य मापाच्या क्रिंपिंग पकडीनेच दाबावे. साध्या पकडीने किंवा हातोडीने दाबलेले टर्मिनल वरून घट्ट दिसते, पण आतील धागे मोकळे राहतात. एक दाब तांब्यावर व दुसरा आवरणावर बसला पाहिजे. त्यानंतर तार हाताने खेचून पाहावी. सुटली तर काम पुन्हा करावे.

६. दाबण्यापूर्वी धाग्यांना डाख देऊ नये. मऊ कथील दाबाखाली हळूहळू सरकते व पकड ढिली होते. शिवाय डाख जेथे संपतो तेथे ताठ झालेली तार हादऱ्यांनी मोडते.

७. जोडणीवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेस रबरी कडे घालावे आणि तारा बांधून निष्कासन नळीपासून दूर ठेवाव्यात.

सांगाड्याच्या जोडणीकडे विशेष लक्ष द्यावे. नव्याने रंगविलेल्या गाडीचे दिवे मंद असण्याचे कारण पुष्कळदा हा नवा रंगच असतो! थिंबलखालचा रंग व गंज खरवडून उघडा पत्रा काढावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि नंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा लेप द्यावा.

कार्यशाळेतील पाठ

शिक्षकांनी हे काम केवळ दुरुस्ती म्हणून न करता प्रयोग म्हणून करवून घ्यावे. जोडणीचे स्थान, तारेचा रंग, टर्मिनलचा प्रकार, बदलापूर्वीची दाबघट व बदलानंतरची दाबघट असे पाच रकाने वहीत आखावेत. ओहमचा नियम फळ्यावर पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तोच नियम अर्ध्या व्होल्टच्या रूपाने मल्टिमीटरवर दिसला आणि नवे टर्मिनल बसताच तो अर्धा व्होल्ट नाहीसा झालेला पाहावयास मिळाला, म्हणजे तो नियम त्याच्या कायमचा ध्यानात राहतो.

पंचायत सदस्य व अधिकाऱ्यांनी स्वतः हातात पक्कड घेण्याची आवश्यकता नाही. परंतु संस्थेच्या वाहनाची देयके मंजूर करताना एक प्रश्न अवश्य विचारावा : वारंवार बल्ब व फ्यूज बदलल्याची नोंद आहे, पण जोडण्या तपासल्याची नोंद आहे काय? पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करून ती वाहनाच्या नोंदवहीत लिहिण्याची प्रथा पाडावी. टर्मिनलची किंमत अल्प असते. त्याच्या निष्काळजीपणाची किंमत मात्र चालकाला आणि रस्त्यावरून पायी जाणाऱ्याला प्राणांनी चुकवावी लागू शकते.