छतातले दिवे आणि हातातलं बिल

प्रश्न : डोंबिवलीच्या एका वाचकांना जुन्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट काढून छताला आठ एलईडी दिवे लावायचे आहेत. एक इलेक्ट्रिशियन स्लॅबला झिरी मारून वायर आत घ्या म्हणतो, दुसरा पट्टी-फिटिंग सुचवतो, तिसरा पीओपीच करून घ्या म्हणतो. तिघांच्या दरांत बरीच तफावत आहे. पैसे कशावर घालावेत आणि काम बिघडलं तर दाद कुठे मागावी, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर : झिरीचा पर्याय आधीच बाद करावा. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळया असतात आणि त्यांवरचं काँक्रीट जेमतेम १५-२० मिलिमीटर. ते फोडलं की सळयांना गंज धरायला वाट मोकळी. शिवाय फ्लॅटच्या बांधकामात फेरफार करायचा तर सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी लागते. स्लॅब ओततानाच फॅनच्या बॉक्सपर्यंत टाकलेला पाइप मोकळा असेल, तर नवी वायर त्यातून ओढता येते.

पट्टी-फिटिंग स्वस्त पडतं. दिसायला बेताचं, पण झाकण सरकवलं की बिघाड समोर! पीओपी सर्वांत महाग, आणि लपवाछपवीला तिथेच वाव. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडांवर एकदा पीओपीचं छत चढलं की ते कुणाला दिसत नाहीत. म्हणून वायर पाइपमधूनच न्यावी, जोड उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये असावेत आणि छत बंद होण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

वायरवर मात्र उगाच जास्त खर्च नको. १२ वॅटचे आठ दिवे म्हणजे ९६ वॅट. २३० व्होल्टला अर्धा अँपिअरही होत नाही. तांब्याची दीड एमएमची आयएसआय खुणेची वायर भरपूर झाली. अडीच एमएमची वायर प्लग पॉइंटसाठी. वाचलेले पैसे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीकडे, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचकडे, वळवावेत.

बटण बंद केल्यावरही दिवे मिणमिणत असतील, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं आहे का, हे तपासून घ्यावं.

आता कायद्याचं. दिवा किंवा बटण बदलणं वेगळं. नवे पॉइंट काढणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. त्याच्याकडून परवाना क्रमांक, वायरची जाडी आणि कंपनी, पॉइंटची संख्या व दर लिहिलेलं पक्कं बिल घ्यावं. ‘बिल नको, थोडं कमी करतो’ हा सौदा अंगाशी येतो, कारण ग्राहक आयोगात पैसे मोजल्याचा पुरावा लागतो.

सदोष सेवेची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीसोबत बिल, छत बंद होण्याआधीचे फोटो आणि दुसऱ्या परवानाधारकाचा लेखी तपासणी अहवाल जोडावा.