आपणांस ऐकूं कसें येतें?

आपण कानानें ऐकतों हें लहान मूलही सांगेल. परंतु आवाज कानांतून मेंदूपर्यंत कसा जातो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें समजलें म्हणजे कान कां जपावा हेंही समजतें, म्हणून आज आम्ही त्याविषयीं थोडें लिहितों.

डफावर थाप पडली कीं त्याचें कातडें कांपतें आणि भोंवतालची हवाही कांपते. हें कंपन कानांत शिरून आंतल्या पातळ पडद्यावर आदळतें, व पडदाही कांपूं लागतो. त्याच्यामागें एकमेकांस जोडलेलीं तीन हाडें आहेत. आकारावरून त्यांस हातोडा, ऐरण व रिकीब म्हणतात. रिकीब अवघी सुमारें ३ मिलिमीटर उंच असून शरीरांतील सर्वांत लहान हाड आहे. पडदा मोठा व रिकिबीचें बूड लहान, म्हणून कंपनाचा दाब तेथें एकवटून सुमारें वीसपट होतो. इतका दाब लागतोच. कारण पुढें हवा नसून शंखासारख्या वेटोळ्या पोकळींत पाण्यासारखा रस भरलेला आहे.

रिकिबीच्या धक्क्यानें त्या रसांत लाट उठते. उंच स्वराची लाट शंखाच्या बुडाशीं जोर धरते, खालच्या स्वराची शेंड्याकडे. ह्या शोधाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी ह्यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शंखांत सुमारें १५,००० केसाळ पेशी आहेत. लाटेनें त्यांचे केस वांकले कीं श्रवणतंतूंवाटे मेंदूस संदेश जातो, आणि आपणांस ऐकूं येतें.

जळालेलें गवत पावसानें पुन्हां उगवतें. मनुष्याच्या ह्या पेशी मात्र एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. मोठ्या आवाजानें त्या मरतात, यास्तव लग्नांत मुलांस कर्ण्यासमोर बसवूं नये. कानांत काडी घालूं नये. पडदा फाटण्याचें भय असतें, आणि मळ बहुधा आपोआप बाहेर येतो. लहान मुलांची घशापासून कानाकडे जाणारी नळी आंखूड व आडवी असते, म्हणून सर्दीमागून त्यांचा कान दुखतो. कान वाहूं लागल्यास तेल न ओततां डॉक्टरांस दाखवावा.

शेवटीं एक विनंति. मागून हाक मारली असतां जें मूल वळत नाहीं, त्यास हट्टी म्हणून मारण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्यावे. तें आज्ञा मोडीत नसेल. कदाचित् आपली हाक त्यास पोहोंचलीच नसेल.