तालावरचं सायकलिंग: भंडाऱ्यात क्लास काढायचा तर खर्च किती?

भंडारा, तुमसर किंवा साकोलीत जिम चालवणाऱ्याला गाण्यांवरचा इनडोअर सायकलिंग क्लास काढायचा असेल, तर पहिला पैसा मोठ्या स्क्रीनवर घालू नये. स्क्रीन असली तरी रोज तेच झालं की सभासद कंटाळतात. क्लासमध्ये बदल हवा, आणि तो आखायला वही-पेन पुरतं.

४५ मिनिटांची आखणी

६ मिनिटं हलकं पेडलिंग, १० मिनिटं सपाट रस्ता, ४ मिनिटांचे ३ चढ, मग ३० सेकंद जोरात आणि ६० सेकंद सावकाश अशा ६ फेऱ्या, शेवटी ८ मिनिटं वेग उतरवणं आणि ताण. सोमवारी चढ वाढवा, बुधवारी जोराच्या फेऱ्या, शुक्रवारी सलग मध्यम वेग.

गाणं ठोके मोजून निवडा. प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली, म्हणजे मिनिटाला १७० ठोक्यांच्या गाण्यावर पेडलच्या ८५ फेऱ्या होतात. सपाटीला हे चालतं. चढाला १३० ठोके, म्हणजे ६५ फेऱ्या. ठोके मोजणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात.

सायकली

घरगुती स्पिन बाइक साधारण १० ते २५ हजारांत मिळते, पण रोजच्या दोन बॅचना ती टिकत नाही. व्यावसायिक सायकलीला किमान ४० हजार धरा. घेण्यापूर्वी सीट आणि हँडल दोन्ही वर-खाली, मागे-पुढे होतात का, सुटे भाग नागपुरात मिळतात का, हे विचारा.

गाण्यांचा परवाना

मोबाइलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपची वर्गणी वैयक्तिक ऐकण्यापुरती असते. जिममध्ये गाणी वाजवायला कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार परवाना लागतो: ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, गीत-संगीतासाठी आयपीआरएस या संस्थांकडून. तुमच्या यादीतली गाणी त्यांच्याकडे आहेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा. झाडीपट्टीतल्या दंडारीच्या कलावंतांना मानधन देऊन, लेखी करार करून ताल ध्वनिमुद्रित करून घेतला, तर क्लासला आपल्या मातीचा ठेका मिळेल.

महिन्याचा हिशेब

उदाहरणादाखल ८ सायकली, आठवड्यातून ३ दिवस, २ बॅच, १६ सभासद:

- सायकली (३,२०,००० रुपये, ५ वर्षांत वसूल): सुमारे ५,३००
- प्रशिक्षक (२४ क्लास, प्रत्येकी ४००): ९,६००
- देखभाल: १,५००
- वीज, कूलर: २,०००

एकूण १८,४००, माणशी १,१५०. सभासद १२ राहिले तर माणशी १,५३३. भाडं आणि गाण्यांचा परवाना यात धरलेला नाही. फी ठरवताना चार जागा रिकाम्या धरा. रोवणीच्या दिवसांत बॅच हमखास रोडावते.

मे महिन्यात कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, नाहीतर दमटपणाने जीव कासावीस होतो.

सभासदांनी काय बघावं

आधी एकाच महिन्याची फी भरा आणि पावती घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवर जीएसटी १८ ऐवजी ५ टक्के आहे. तो आकारला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पहिल्या दोन-तीन क्लासना भार कमी ठेवा, बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. नंतर स्नायू फार दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नवख्याला थांबवणारा प्रशिक्षक ज्या जिममध्ये आहे, तिथे शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.