खांद्याचे दुखणे आणि स्वतःच्या रक्ताचे इंजेक्शन



उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवणे, पाठीवरच्या पंपाने औषध मारणे, वैरणीचा भारा उचलणे, या आपल्या निपाणी-बेळगाव भागातील कामांचा ताण खांद्यावर येतो. चाळिशीनंतर अनेकांना हात वर नेताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. अशांना अलीकडे शहरात ‘स्वतःच्याच रक्ताचे इंजेक्शन घ्या’ असा सल्ला मिळतो. त्याला पी.आर.पी. म्हणतात. त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. उसाच्या बिलातून ते काढण्याआधी हा उपचार काय आहे हे आपण समजून घेऊ या.

दुखते ते काय?

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. ते दोरीसारख्या चिवट टोकांनी हाडाला बांधलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. बोलताना आपण ‘शीर’ म्हणतो. वय आणि कष्ट यांनी ही दोरी झिजते, कधी थोडी उसवते, कधी पूर्ण तुटते. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती भरून यायला आठवडे नव्हे, महिने लागतात.

पी.आर.पी. म्हणजे काय?

डेंग्यूत ‘प्लेटलेट कमी झाल्या’ असे आपण ऐकतो. जखमेवर रक्त गोठवणाऱ्या आणि जखम भरण्यास मदत करणारे घटक सोडणाऱ्या त्या रक्तातील बारीक पेशी होत. रोग्याच्या दंडातून थोडे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात. यंत्रात दूध फिरवून मलई वेगळी काढतात, तसाच हा प्रकार. प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर द्रव वेगळा काढून दुखऱ्या कंडरेजवळ टोचतात.

कल्पना चांगली आहे. पण गुण किती येतो? तुर्कस्तानात ४० रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पी.आर.पी. दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले, आणि व्यायाम सर्वांना दिला. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कॅनडातील २०२१ च्या अभ्यासात स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा पी.आर.पी.ने तीन महिन्यांपर्यंत जास्त आराम दिला, पण वर्षअखेर तो फरक उरला नाही. म्हणजे हा उपचार खोटा नव्हे, पण खात्रीचाही नव्हे. पूर्ण तुटलेली कंडरा त्याने जोडली जात नाही.

इंग्लंडमध्ये ७०८ रोग्यांवर झालेला अभ्यासही २०२१ सालचाच. तज्ज्ञाने एकदा नीट शिकवलेला व्यायाम घरी करणाऱ्यांना, सहा वेळांपर्यंत तज्ज्ञाकडे जाणाऱ्यांइतकाच गुण आला. गरिबाला दिलासा देणारी ही गोष्ट आहे.

घरी काय करावे?

१. पुढे वाकून दुखरा हात सैल सोडावा व हळू झोका द्यावा.
२. भिंतीवर बोटे चालवत हात सोसेल तितका वर न्यावा.
३. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधावी. कोपर बरगडीला टेकवून ती बाहेरच्या बाजूला ओढावी.

प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोनदा करावा. थोडे दुखले तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले तर व्यायाम कमी करावा. किमान बारा आठवडे नेट धरावा. मोळी लहान बांधावी. खांदा जोराने चोळून वा ओढून घेऊ नये. मधुमेहात खांदा आखडतो, म्हणून साखर तपासून घ्यावी.

थांबू नये असे केव्हा?

पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात एकाएकी वर जाईनासा झाला, तर लवकर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी शस्त्रक्रिया लागू शकते. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात हाडांचा विभाग आहे. खांदा सुजून लाल व गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी जावे. खांद्याच्या कळेबरोबर छातीत दाब, घाम वा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. ताबडतोब दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी पी.आर.पी. सुचवले तर नम्रपणे विचारावे: कंडरा किती फाटली आहे? व्यायामाला पुरेसा वेळ दिला का? एकूण खर्च किती, इंजेक्शने किती? गुण न आल्यास पुढे काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे.

सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे. प्रश्न विचारल्याने तो मान कमी होत नाही. परमेश्वराने दिलेल्या हातांवर आपले घर चालते. ते हात जपावेत, आणि त्यांनी मिळवलेला पैसाही विचार करूनच खर्चावा.